कॉलेजात टॅसम, यूट्यूबवर नॅसम, सिनिअर म्हणतो गॅस... कुठला असेंब्लर धरू?

विश्रामबाग_बेंचवाला

नमस्कार मंडळी. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, मायक्रोप्रोसेसर विषय याच सेमला आहे. लॅबला आमच्याकडं डॉसबॉक्समध्ये (जुनं डॉस चालवून देणारा प्रोग्राम) टॅसम हा असेंब्लर, म्हणजे असेंब्लीतल्या इन्स्ट्रक्शन मशीनच्या बाईटमध्ये बदलणारा प्रोग्राम चालतो, म्हणजे सर पेनड्राइव्हवर फोल्डर देतात, ते माऊंट करायचं, टॅसम मारायचं, मग टीलिंक (लिंकर, चालणारी फाईल जोडून देणारा) मारायचं आणि जर्नलमधले प्रोग्राम जसेच्या तसे टाईप करायचे. दोन नंबरांची बेरीज, स्ट्रिंग उलटी करणे, ब्लॉक ट्रान्सफर वगैरे. ते जमतंय. पण झालंय असं की मला हे प्रकरण खरंच आवडायला लागलंय आणि घरी बसून वेगळं काहीतरी करावं वाटतंय.

म्हणून यूट्यूबवर बघितलं तर तिथं सगळे नॅसम वापरतात. मी जर्नलमधला स्ट्रिंग छापायचा प्रोग्राम घेतला आणि नॅसमला दिला. पहिल्या ओळीपासनंच बोंब, पार्सर इन्स्ट्रक्शन एक्सपेक्टेड म्हणतो. मग डॉट मॉडेल स्मॉल काढलं, डॉट डेटाच्या जागी सेक्शन लिहिलं, ऑफसेट काढलं, तर लिंकर रिलोकेशन ट्रंकेटेड म्हणायला लागला, म्हणून डीएक्सचं ईडीएक्स केलं, शेवटी एकदाचं लिंक झालं आणि उबुंटूवर रन केलं तर सेगमेंटेशन फॉल्ट. रात्रीचे दोन वाजले होते, झोपलो.

रूमवरचा मित्र म्हणतो मॅसम घे, मायक्रोसॉफ्टचं आहे, विंडोजला तेच बरं. एक सिनिअर म्हणतो गॅस (जीएनयू असेंब्लर) शिक, लिनक्स कर्नलमध्ये तेच आहे (मी आधी सिलिंडरच समजलो). लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅम, विंडोज आणि उबुंटू दोन्ही टाकलेत.

करायचंय काय, तर एक म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना मदरबोर्डवरच्या बायोस प्रोग्रामनंतर पहिल्यांदा जो कोड चालतो तसा छोटा बूटलोडर स्वतः लिहायचाय. दुसरं म्हणजे तासगावला मामांची द्राक्षबाग आहे, तिथं ड्रिपचा एक टायमर बोर्ड बंद पडलाय, त्यावर ८०५१ टाईपची चिप (मायक्रोकंट्रोलर) आहे असं वाटतंय, तो जमला तर बघायचाय. आणि प्रॅक्टिकलची परीक्षा आहेच. तर एकच असेंब्लर धरून हे सगळं होईल का, का प्रत्येकाला वेगळा लागतो? जाणकारांनी सांगा की जरा.

मिरज_जंक्शन

भावा, आधी एक डोक्यातनं काढून टाक, तुझा प्रोग्राम नॅसममुळं पडलेला नाही. त्यात इंट २१एच असणार, आहे ना? एएचमध्ये ०९ टाकून, डॉलरने संपणारी स्ट्रिंग छापणारा? तो इंट २१एच म्हणजे प्रोसेसरची काही जादू नव्हे, ती डॉसच्या दाराची कडी आहे. तू लिनक्सच्या दारात जाऊन डॉसची कडी वाजवलीस, आत डॉस राहतच नाही, कर्नलने कॉलर धरून बाहेर काढलं, त्यालाच सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात.

असेंब्लीच्या फाईलमध्ये तीन वेगवेगळ्या मालकांच्या गोष्टी एकत्र असतात आणि कॉलेजात हे कुणी फोड करून सांगत नाही. मूव्ह, ॲड, जंप ह्या इंटेलच्या, त्या कुठल्याही असेंब्लरमध्ये जवळपास त्याच आणि बाहेर पडणारे बाईट पण तेच. डॉट मॉडेल, डॉट डेटा, असूम, प्रॉक, एंडपी ही टॅसम-मॅसमची घरची भाषा, प्रोसेसरला यातलं काही कळत नाही. आणि इंट २१एच किंवा लिनक्सचा सिसकॉल ही ऑपरेटिंग सिस्टिमची सेवा. तू असेंब्लर बदललास आणि सोबत ऑपरेटिंग सिस्टिम पण बदललीस, दोन्ही एकदम, मग चूक कुठं ते कसं सापडणार.

एकावेळी एकच बदल कर. नॅसमच वापर पण डॉसबॉक्ससाठी. वर ओआरजी १००एच लिही (प्रोग्राम मेमरीत कुठल्या पत्त्यापासून बसतो ते सांगणारी ओळ), आउटपुट फॉरमॅट बिन दे आणि फाईलला डॉट कॉम नाव दे. कॉम फाईलमध्ये कोड डेटा सगळं एकाच ६४ केबीच्या सेगमेंटमध्ये असतं, त्यामुळं सुरुवातीच्या त्या दोन ओळी, ॲट डेटा एएक्समध्ये आणि एएक्स डीएसमध्ये, त्या उडव. लिंकर लागतच नाही. इंट २१एच तसाच चालेल कारण आता खाली खरोखर डॉस आहे.

आणि एक कंस सांभाळ, हा सगळ्यात वाईट खड्डा. टॅसम-मॅसमला मूव्ह एएक्स, नंबर असं लिहिलं की नंबर नावाच्या जागेतली किंमत येते, पत्ता पाहिजे तर ऑफसेट लिहायचं. नॅसमला तेच लिहिलं तर पत्ता येतो, किंमत पाहिजे तर चौकोनी कंस घालावाच लागतो. सोळा बिटमध्ये यावर एरर पण येत नाही. बेरीज करतोय आणि उत्तर भलतंच, मी एका असाइनमेंटला पूर्ण शनिवार घालवलाय याच्यापायी. पण एकदा सवय लागली की नॅसमची पद्धतच सरळ वाटते, कंस म्हणजे मेमरी, कंस नाही म्हणजे मेमरी नाही, विषय संपला. टॅसममध्ये ते नाव आधी डीबी केलंय का इक्यू केलंय हे बघायला वर जावं लागतं.

मॅसम वाईट नाही, १९८१ पासून आहे आणि व्हिज्युअल स्टुडिओसोबत फुकट येतं. पण चार जीबीच्या लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओ टाकायचा म्हणजे रिक्षात ऊस भरल्यासारखं. शिवाय पुस्तकात दिसणारे डॉट इफ, इनव्होक हे सोपे शब्द ६४ बिटच्या एमएल६४ मध्ये काढून टाकलेत, त्यामुळं जुन्या पुस्तकावरनं शिकायला गेलास की परत बोंब.

कुपवाड_शिफ्ट२

वरच्यांचं बरोबर आहे पण तासगावच्या टायमरला यातलं काहीही उपयोगाचं नाही हे पण सांगा की पोराला. नॅसम, मॅसम, टॅसम, फॅसम ही सगळी एक्स८६ ची, म्हणजे पीसीतल्या इंटेल प्रोसेसरची भावकी. ८०५१ ला तिचा वेगळा असेंब्लर लागतो. कायल कंपनीचा ए५१ आहे, त्याच्या फुकटच्या आवृत्तीत २ केबी कोडची मर्यादा आहे, पण ड्रिपच्या टायमरला २ केबी म्हणजे लई झालं. नाहीतर एसडीसीसी आहे, ओपन सोर्स, त्याच्यासोबत असेंब्लर येतो.

मी कुपवाड एमआयडीसीत कंट्रोलर बोर्डांच्या कामात आहे, नऊ-दहा वर्षं झाली. खरं सांगतो, नोकरीत असेंब्लर निवडायला मिळत नाही. चिप ठरली की टूलचेन ठरते, टूलचेन ठरली की असेंब्लर गळ्यात पडतो. आमच्याकडं आर्म कॉर्टेक्स एम आहेत, सगळा कोड सी मध्ये, असेंब्ली फक्त स्टार्टअपच्या फाईलमध्ये आणि ती पण बहुतेक वेळा चिपवाल्याचीच.

पण ती एक फाईल कसा घाम काढते बघ. आम्ही एक जुनं प्रोजेक्ट कायलवरनं जीसीसीवर (फुकटचा सी कंपायलर, त्याचा असेंब्लर म्हणजे गॅस) आणलं. कायलच्या आर्म असेंब्लरमध्ये लेबल पहिल्या कॉलमला लिहायचं, पुढं कोलन नाही, शब्द ठेवायला डीसीडी, कॉमेंटला अर्धविराम. गॅसमध्ये लेबलला कोलन, डीसीडीच्या जागी डॉट वर्ड, कॉमेंटला ॲटचं चिन्ह. मी रात्रपाळीत बसून सगळं हातानं बदललं, असेंबल झालं, लिंक झालं, बोर्डात टाकलं आणि बोर्ड मेलेलं. एलईडी नाही, सिरीयल नाही, काही नाही. डीबगर लावला तर पहिल्याच पावलाला हार्ड फॉल्ट.

कारण काय, तर कॉर्टेक्स एम फक्त थंब इन्स्ट्रक्शन चालवतो, आणि व्हेक्टर टेबलमध्ये (चालू होताना किंवा इंटरप्ट आला की कुठं जायचं त्या पत्त्यांचा तक्ता) फंक्शनचा जो पत्ता असतो त्याचा शेवटचा बिट १ असावा लागतो, थंब आहे ही खूण म्हणून. कायलमध्ये तो बिट आपोआप लागत होता. गॅसला मात्र त्या लेबलच्या वर डॉट थंब फंक असं सांगावं लागतं, मी ते लिहिलंच नव्हतं. एक ओळ. तेवढ्यासाठी तीन दिवस आणि साहेबांची बोलणी वेगळी. त्या दिवसापासून मी कुठल्याही असेंब्लरची लिस्टिंग फाईल आधी उघडतो, नेमके कुठले बाईट पडले ते डोळ्यांनी बघतो, मग पुढं. तू पण ती सवय आत्ताच लाव, नॅसमला मायनस एल दिलं की लिस्टिंग मिळतं.

बोर्डाचा फोटो टाक, चिपवर काय नंबर आहे आणि शेजारच्या क्रिस्टलवर काय लिहिलंय ते पण.

हेक्स_आणि_हळद

कुणीच फॅसमचं नाव नीट घेतलं नाही म्हणून येतोय. एक छोटी झिप, उघडली की झालं, इन्स्टॉल नाही. स्वतःच्याच भाषेत लिहिलेला असेंब्लर आहे, म्हणजे फॅसमचा सोर्स फॅसमनेच असेंबल होतो. वर फॉरमॅट पीई लिहा, विंडोजची एक्झी थेट हातात, लिंकर नको. फॉरमॅट ईएलएफ एक्झिक्युटेबल लिहा, लिनक्सची. कंसाचा नियम नॅसमसारखाच. जुन्या लॅपटॉपला याच्यासारखं दुसरं काही नाही, एंटर दाबायच्या आत झालेलं असतं.

मिरज_जंक्शन

फॅसमला नावं ठेवत नाही राव, सुंदर आहे. पण पोरगं अडकलं तर विचारायला माणसं लागतात. आणि दुसऱ्यांचा कोड वाचायचा झाला तरी नॅसमचा जास्त सापडतो. एफएफएमपेग, डेव्ह१डी, म्हणजे आपण मोबाईलवर-व्हीएलसीवर जे व्हिडिओ बघतो ते डीकोड करणारा एक्स८६ चा हातानं लिहिलेला कोड, तो नॅसमचाच आहे. आधी यॅसम पण चालायचं तिथं, पण यॅसमची शेवटची आवृत्ती २०१४ ची, आता नवीन माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

कृष्णाघाट_रात्री

मी सिनिअरची बाजू घेते थोडी. गॅस लिहायला शिकू नकोस हवं तर, पण वाचायला शिकावंच लागेल. कारण लिनक्सवर जीडीबी (डीबगर) उघडलं, ऑब्जडंप (फाईलमधले बाईट परत असेंब्लीत दाखवणारा) मारलं, जीसीसीला मायनस कॅपिटल एस दिलं, की समोर जे येतं ते एटीअँडटी सिंटॅक्समध्ये येतं. रजिस्टरच्या आधी टक्का, आकड्याच्या आधी डॉलर, आणि मुख्य म्हणजे क्रम उलटा, आधी कुठून, मग कुठं. इंटेलमध्ये मूव्ह ईएएक्स, ५ म्हणजे ईएएक्समध्ये ५ घाल. एटीअँडटीत आधी ५ आणि मग ईएएक्स. मराठीत पण आपण "पाच ईएएक्समध्ये टाक" असंच म्हणतो, त्यामुळं मला तरी त्याचा राग येत नाही, लोक उगाच शिव्या घालतात.

नको असेल तर बदलता येतं. जीडीबीत सेट डिसअसेंब्ली फ्लेवर इंटेल, ऑब्जडंपला मायनस कॅपिटल एम इंटेल. गॅसमध्ये पण डॉट इंटेल सिंटॅक्स नोप्रिफिक्स लिहिलं की टक्के-डॉलर जातात. फक्त इथं मी स्वतः आपटलेय, तो मोड नॅसमसारखा नाही, मॅसमसारखा आहे! म्हणजे बिनकंसाचं नाव लिहिलं की किंमत येते, पत्त्याला ऑफसेट. मिरजवाल्यांनी सांगितलेला तोच खड्डा, उलट्या बाजूनं.

लिनक्सवर नॅसम करणार असशील तर अजून दोन गोष्टी. यूट्यूबवरचे अर्धे व्हिडिओ ३२ बिटचे आहेत, इंट ८०एच वापरतात, राईटचा नंबर ४, एक्झिटचा १. ६४ बिटला सिसकॉल नावाची वेगळी इन्स्ट्रक्शन आहे आणि नंबर पण वेगळे, राईट १, एक्झिट ६०. ६४ बिटच्या प्रोग्राममध्ये इंट ८०एच घुसडलं तर कधीकधी चालतं आणि म्हणूनच घात होतो, कारण पत्त्यांचे खालचे ३२ बिटच धरले जातात, डेटा स्टॅकवर असला की गप्प फेल.

दुसरं, नंतर कधी असेंब्लीतून सी चं प्रिंटएफ फंक्शन बोलवशील, तेव्हा कॉलच्या आधी स्टॅक पॉइंटर १६ ने भाग जाणारा पाहिजे. नसला तर कधी चालतो कधी आत कुठंतरी मूव्हॲप्स इन्स्ट्रक्शनवर पडतो आणि आपण आपलाच कोड तपासत बसतो. मी याच्यावर जीव टाकलाय, सकाळी चालणारा प्रोग्राम दुपारी एक पुश वाढवला की पडायचा.

आणि गॉडबोल्टची साईट बघ (गोडबोले नव्हे, कंपायलर एक्सप्लोरर). डावीकडं सी लिहायचं, उजवीकडं असेंब्ली दिसते, इन्स्टॉल काही नाही. मी गेट परीक्षेच्या अभ्यासात पॉइंटर तिथंच समजून घेतले.

अजिंक्यतारा_पायथा

मी साताऱ्याचा, रिटायर आहे. तुमचं सगळं वाचलं, निम्मं कळलं, पण मजा आली. आमच्या वेळी असेंब्लर निवडायचा प्रश्नच नव्हता कारण असेंब्लर म्हणजे आम्हीच. डिप्लोमाला ८०८५ चं किट होतं, सहा सेव्हन सेगमेंटचे डिस्प्ले आणि हेक्स कीपॅड. चार पोरांत एक किट. वहीत डावीकडं पत्ता, मग ओपकोड, मग निमॉनिक. ओपकोडचा तक्ता मागच्या पानावर चिकटवलेला. एमव्हीआय ए म्हणजे ३ई, एचएलटी म्हणजे ७६, हे अजून झोपेत विचारा.

खरा त्रास जंपचा. पुढं कुठं उडी मारायची तो पत्ता अजून ठरलेलाच नसतो, मग तिथं पेन्सिलने टिंब ठेवायचं, शेवटपर्यंत प्रोग्राम लिहायचा, पत्ते मोजायचे आणि परत मागं येऊन टिंबं भरायची. नंतर कळलं की असेंब्लरचे दोन पास म्हणजे हेच. आणि सगळं टाकून झाल्यावर मध्ये एक इन्स्ट्रक्शन राहिली असं लक्षात आलं की खालचे सगळे पत्ते सरकायचे, खाडाखोड करून वही फाटायची. म्हणून आम्ही शहाणे झालो, प्रत्येक चार-पाच ओळींनंतर दोन-तीन शून्य शून्य टाकून ठेवायचो. शून्य शून्य म्हणजे नॉप, काही न करणारी. विसरलेली ओळ तिथं बसवायची. लग्नात चार पानं जास्तीची मांडतात तसं.

आणि पत्ता उलटा टाकायचा. २०५० ला जंप असेल तर सी३ नंतर आधी ५० मग २०. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण एकदा तरी सरळ टाकायचाच, आणि प्रोग्राम भलतीकडं उड्या मारायचा. लाईट गेली की तासाभराचं काम गेलं, किटला बॅटरी नव्हती. सर म्हणायचे गेली का, बरं झालं, परत टाका म्हणजे पाठ होईल.

तेव्हा बाळा, कुठलाही घे. लेबल लिहिलं की पत्ता आपोआप बसतो ना, मग झालं तर.

विश्रामबाग_बेंचवाला

बापरे एवढी उत्तरं, सगळ्यांना थँक्यू. काका, तुमचं वाचून रूमवर मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांना.

अपडेट देतो. मिरजवाल्या दादांचं ऐकून आधी कॉम फाईल केली, नॅसमने, डॉसबॉक्समध्ये पहिल्या झटक्यात चालली! मग त्याच जोशात बूट सेक्टर लिहायला घेतला. क्यूईएमयू (पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकलं उबुंटूवर. ५१२ बाईट, शेवटी ५५एए पाहिजे असं वाचलं म्हणून शेवटच्या ओळीत डीडब्ल्यू आणि ०एक्स५५एए असं लिहिलं. फाईल बरोब्बर ५१२ बाईटची आहे, दोनदा मोजली. पण क्यूईएमयू म्हणतो नॉट अ बूटेबल डिस्क. काय चुकतंय? मोबाईलवरून मराठी कीबोर्डवर टाईप करतोय, कोड देवनागरीत सहन करा.

अजिंक्यतारा_पायथा

उलटं टाक की!

विश्रामबाग_बेंचवाला

म्हणजे?

कुपवाड_शिफ्ट२

काकांनी धरलं बरोबर, हाहाहा. डीडब्ल्यू म्हणजे दोन बाईटचा शब्द, इंटेलमध्ये खालचा बाईट आधी पडतो. तू ५५एए लिहिलंस तर डिस्कवर आधी एए पडला मग ५५. बायोसला ५१० नंबरच्या बाईटला ५५ आणि ५११ ला एए पाहिजे. म्हणून डीडब्ल्यूला एए५५ लिही, नाहीतर डीबी वापर आणि दोन्ही बाईट सुटे दे, तेव्हा सरळ क्रम. लिस्टिंग उघडून बघ म्हणलं होतं ना, तिथं दिसलं असतं.

विश्रामबाग_बेंचवाला

झालं!! बूट होतंय. पण स्ट्रिंगच्या जागी कचरा येतोय, वाकडीतिकडी चिन्हं, एक स्मायली पण आली. एक एक अक्षर इंट १०एचने छापलं तेव्हा बरोबर आलं होतं, एएचमध्ये ०ई टाकून. स्ट्रिंगचा लूप केला की कचरा.

कृष्णाघाट_रात्री

वर ओआरजी काय लिहिलंयस? बायोस तुझे ५१२ बाईट मेमरीत ७सी०० ला आणून ठेवतो. नॅसमला ते सांगितलं नाहीस तर तो समजतो की प्रोग्राम शून्यापासून सुरू होतो आणि स्ट्रिंगचा पत्ता लहानसा, तीस-चाळीस असा काहीतरी देतो. त्या पत्त्यावर काय असतं माहितीय? मेमरीचा पहिला एक केबी म्हणजे इंटरप्ट व्हेक्टर टेबल. तू ते टेबल अक्षरं म्हणून छापतोयस. स्मायली म्हणजे त्यातला ०१ किंवा ०२ बाईट :)

आणि डीएस शून्य करून घे, बायोसने काय ठेवलाय त्यावर विसंबू नकोस. थेट डीएसमध्ये शून्य टाकता येत नाही, आधी एएक्समध्ये मग डीएसमध्ये. काही मशीनवर उडी ०७सी०:०००० अशी येते, काहींवर ००००:७सी००, जागा तीच पण सेगमेंट वेगळा, म्हणून क्यूईएमयूवर चाललं आणि खऱ्या पीसीवर नाही असं होतं.

विश्रामबाग_बेंचवाला

ओआरजी राहिलाच होता. कॉम फाईलमधला १००एच काढला आणि नवीन घातलाच नाही. आता काळ्या स्क्रीनवर सांगली असं येतंय (इंग्रजी अक्षरांत, मराठी छापायला बायोसकडं फॉन्टच नाही). आईला दाखवलं, ती म्हणाली एवढ्यासाठी आठ दिवस जागला होय.

बोर्डाचं पण बघितलं काल तासगावला जाऊन. चिप एटी८९एस५२ आहे, क्रिस्टलवर (चिपला क्लॉक देणारा भाग) ११.०५९२ लिहिलंय. एक नवीन कोरी चिप पण आणलीय. जुन्या चिपमधला प्रोग्राम वाचून काढून तोच नवीन चिपमध्ये टाकता येईल का? मला ८०५१ चे डिले लूप येतात, जर्नलमध्ये आहेत.

कुपवाड_शिफ्ट२

वाचता येईल याची खात्री नाही, त्या चिपला लॉक बिट असतात, विकणारे बहुतेक लावून ठेवतात. नवीनच लिही, टायमरला असतंय काय, चार बटणं आणि एक रिले.

पण जर्नलमधले डिले जसेच्या तसे उचलू नकोस. ते बहुतेक १२ मेगाहर्ट्झ धरून लिहिलेले असतात, कारण ८०५१ चं एक मशीन सायकल म्हणजे १२ क्लॉक, म्हणजे बरोब्बर एक मायक्रोसेकंद, हिशोबाला सोपं. तुझा क्रिस्टल ११.०५९२ चा, तो सिरीयल पोर्टचा ९६०० बॉड रेट नेमका बसावा म्हणून घालतात. त्यावर एक सायकल १.०८५ मायक्रोसेकंदाचं होतं. साडेआठ टक्के फरक. लॅबमध्ये एलईडी ब्लिंक करताना कळत पण नाही, पण तासभर पाणी सोडायचं ठरवलंस तर पाच मिनिटं जास्त जाईल, रोज. मामा विचारतील. लूपचा नाद सोड, टायमर झिरो इंटरप्टवर लाव आणि रीलोडचा आकडा ११.०५९२ वर काढ.

रिलेच्या बाजूला मेन सप्लाय असणार, बोर्ड लाईटला लावून हात घालू नकोस. रविवारी मला सुट्टी आहे, सांगलीतच असतो, मेसेज टाकतो, बोर्ड घेऊन ये. प्रोग्रामर आहे माझ्याकडं.

विश्रामबाग_बेंचवाला

येतो दादा. गुरुवारी प्रॅक्टिकल आहे, तिथं परत टॅसम आणि ऑफसेट. आता कंस घालायची सवय लागलीय, तिथं काय करू?

मिरज_जंक्शन

घाल खुशाल. साध्या नावाला कंस घातला तरी टॅसम काही बोलत नाही, किंमतच घेतो. पत्ता पाहिजे तिथं तेवढं ऑफसेट विसरू नकोस.

अजिंक्यतारा_पायथा

आणि एक्स्टर्नलला ५५एए ची गोष्ट सांग. नाही विचारली तरी सांग.